उतारशाळेचा मालक : चार्ल्स निमित्झ



लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळा दोनदा येते. पहिली बेथलेहेमची. तिथे मरिया आणि योसेफ यांना जागा मिळाली नाही, हे आपण दर नाताळला ऐकतो. दुसरी यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरची. दयाळू शोमरोनी जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून तिथे आणतो, रात्रभर त्याची सेवा करतो आणि सकाळी मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवून पुढे जातो. मराठीत दोन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वाचतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र शब्द वेगळे आहेत. दुसऱ्या शब्दाचा सरळ अर्थ आहे, सर्वांना आत घेणारे घर.

शोमरोन्यावर आजवर हजारो प्रवचने झाली. उतारशाळेच्या मालकाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. शोमरोनी एक रात्र राहिला आणि गेला. त्यानंतर जखमेवर पट्टी कोणी बदलली, पेज कोणी पाजली, रात्री कण्हण्याचा आवाज आला तेव्हा कंदील घेऊन कोण उठले? तो मालकच. त्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. आज आम्ही आपल्याला एका अशा उतारशाळेच्या मालकाची ओळख करून देणार आहोत, ज्याचे नाव इतिहासाने जपून ठेवले आहे.

आपल्यापैकी काहींना आठवत असेल, २००७ च्या जुलै महिन्यात चेन्नईच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर अमेरिकेची एक अवाढव्य विमानवाहू युद्धनौका येऊन थांबली होती. वर्तमानपत्रांत तिचे फोटो होते, वादही झाला होता. तिचे नाव निमित्झ. हे नाव दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन आरमाराचे सेनापती चेस्टर निमित्झ यांचे. परंतु आमची गोष्ट त्यांची नाही. ती त्यांच्या आजोबांची आहे. आजोबा हॉटेल चालवीत असत.

बंदरातला मुलगा

कार्ल हाइनरिक निमित्झ यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८२६ रोजी जर्मनीतील ब्रेमेन या शहरात झाला. पुढे अमेरिकेत लोक त्यांना चार्ल्स म्हणू लागले. ब्रेमेन हे मोठे व्यापारी बंदर. घरात समुद्राची परंपरा होती. चार्ल्सनेही कोवळ्या वयात काही काळ व्यापारी जहाजावर काम केले. समुद्राचा हा संबंध थोड्याच वर्षांचा, पण त्याची ओढ त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

त्या काळी जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहानमोठी अनेक राज्ये होती. शेतीचे तुकडे पडत चालले होते, हातमागाचा धंदा यंत्रांपुढे बसत होता, पिके बुडत होती. तरुणांना पुढचे काही दिसत नव्हते. हजारो कुटुंबे बोचकी बांधून अमेरिकेची वाट धरीत होती. निमित्झ कुटुंबही निघाले आणि दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन या बंदरात उतरले. आईवडील तिथेच स्थिरावले. चार्ल्स मात्र एकोणीस वर्षांचा असताना आणखी पश्चिमेला, टेक्ससकडे निघाला.

उचल घेतलेली माणसे

टेक्ससला जर्मन लोकांना नेण्यासाठी १८४२ साली काही सरदार-राजपुत्रांनी मिळून एक संस्था काढली होती. योजना कागदावर फार सुंदर होती. कुटुंबाने ठराविक रक्कम भरायची. संस्था त्यांना जहाजाने नेणार, राहायला घर देणार, कुटुंबाला ३२० एकर आणि एकट्या माणसाला १६० एकर जमीन देणार. एवढी जमीन जर्मनीतल्या शेतकऱ्याने स्वप्नातही पाहिली नव्हती. लोकांनी घरेदारे विकून पैसे भरले.

प्रत्यक्षात ती जमीन कमांची या मूळ रहिवासी लोकांच्या प्रदेशात होती. ज्यांनी ती वाटायला काढली, त्यांच्यापैकी कोणी ती नीट पाहिलीही नव्हती. संस्थेचे पैसे संपत आले. १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले आणि बैलगाड्या, घोडागाड्या सैन्याने भाड्याने घेतल्या. जहाजे येतच राहिली. हजारो माणसे टेक्ससच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढे जायला गाडीच नाही म्हणून तिथेच वाळूत, तंबूंत आणि खड्ड्यांत अडकून पडली. पाऊस, थंडी, घाण पाणी, ताप आणि हगवण. शेकडो माणसे किनाऱ्यावरच मेली. काही जण पायी निघाले, ते वाटेत मेले.

दिवाळीनंतर आपल्या भागातून कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या कुटुंबांना हे फार समजावून सांगायला नको. उचल घेताना मुकादम जे सांगतो आणि कोपीत गेल्यावर जे दिसते, त्यांतले अंतर आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. फरक इतकाच, की आपली माणसे पाडव्याच्या आसपास परत येतात. त्या जर्मन लोकांना परतीची वाट नव्हती.

वाट संपली तिथे गाव

अशा दिवसांत, ८ मे १८४६ रोजी, १२० माणसांचा पहिला तांडा सोळा दिवसांचा प्रवास करून टेक्ससच्या डोंगराळ भागात दोन ओढ्यांच्या मध्ये येऊन थांबला. ते आले होते न्यू ब्राउनफेल्स या गावाहून. ते गावही याच संस्थेने आदल्या वर्षी, १८४५ च्या उत्तम शुक्रवारी वसविले होते. नव्या गावाला प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिकचे नाव देण्यात आले : फ्रेडरिक्सबर्ग. या पहिल्या वसाहतकऱ्यांमध्ये चार्ल्स निमित्झ होता.

प्रत्येकाला गावात अर्ध्या एकराचा तुकडा आणि गावाबाहेर दहा एकर जमीन मिळाली. एक रुंद मुख्य रस्ता आखला गेला. लोकांनी आधी झोपड्या उभारल्या, मग ओक लाकडाच्या, मग चुनखडीच्या दगडांच्या भिंती उभ्या राहिल्या. पण पहिला हिवाळा भयंकर गेला. किनाऱ्यावरचा रोग वाटसरूंबरोबर गावात आला. नव्या गावात शंभराहून अधिक माणसे दगावली. घर बांधून होण्याआधी कबर खणावी लागली, अशी किती कुटुंबे असतील, याचा विचार करावा.

तरीही १८४७ साली गावकऱ्यांनी मुख्य रस्त्याच्या मधोमध गावाची पहिली सार्वजनिक इमारत बांधली. ती होती चर्च. तिला आठ बाजू होत्या, त्यामुळे लोक तिला गमतीने कॉफीची चक्की म्हणत. ती कोणा एका पंथाची नव्हती. ल्यूथरपंथी, सुधारित पंथाचे आणि आपले कॅथलिक, सगळे याच छपराखाली आळीपाळीने उपासना करीत. तीच शाळा, तीच सभेची जागा आणि हल्ला झाला तर तीच गढी. पुढे १८४८ पासून एकेक पंथ आपापले चर्च बांधू लागला. कॅथलिकांनी आधी लाकडी आणि मग १८६० च्या दशकात दगडी संत मरिया चर्च बांधले. पण गावाची सुरुवात मात्र एका सामाईक छपराखाली झाली, हे विसरता येत नाही. गावाजवळच्या टेकडीवर वसाहतकऱ्यांना १८४७ साली एक जुना लाकडी क्रूस सापडला होता. त्यांच्याही आधी कोणी श्रद्धावंत त्या वाटेने जाऊन गेला होता. ती टेकडी आजही क्रूसाची टेकडी म्हणून ओळखली जाते.

न मोडलेला करार

गाव टिकणार की नाही, हे एका गोष्टीवर अवलंबून होते. जमीन कमांचींची होती. संस्थेचा तेव्हाचा प्रमुख होता जॉन मॉयझेबाख. जर्मनीत तो सरदार होता. टेक्ससला आल्यावर त्याने आपली पदवी सोडून साधे नाव घेतले. १८४७ च्या आरंभी तो थोडीशी माणसे घेऊन कमांचींच्या प्रदेशात गेला. सांगतात, की त्यांच्या प्रमुखांसमोर त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बंदुका हवेत झाडून रिकाम्या केल्या, आता आम्ही निःशस्त्र आहोत हे दाखविण्यासाठी. बोलणी झाली. ९ मे १८४७ रोजी, गावाला एक वर्ष पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, फ्रेडरिक्सबर्गमध्ये करारावर सह्या झाल्या. वसाहतकऱ्यांनी कमांचींच्या प्रदेशात निर्भयपणे जावे, कमांचींनी गावात निर्भयपणे यावे, दोघांनी एकमेकांना धोक्याची खबर द्यावी, आणि वसाहतीतर्फे ३,००० डॉलरच्या भेटी द्याव्यात, असे ठरले.

अमेरिकेत मूळ रहिवाशांबरोबर शेकडो करार झाले आणि बहुतेक सगळे गोऱ्या लोकांनी मोडले. हा करार त्या वसाहतकऱ्यांनी पाळला, असे इतिहासकार आवर्जून सांगतात. तरी सत्य पुरते सांगायला हवे. एका गावाने शब्द पाळला, सरकारने नाही. १८५९ पर्यंत कमांचींच्या या शाखेला टेक्ससमधून बाहेर हाकलण्यात आले आणि १८७५ मध्ये उरलेल्यांनाही शरण जावे लागले. ज्यांनी पाहुण्यांना राहू दिले, ते स्वतःच बेघर झाले.

फ्रेडरिक्सबर्गमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री टेकड्यांवर आगी पेटविण्याची प्रथा पडली. त्यामागे अशी आख्यायिका आहे : बोलणी चालू असताना रात्री डोंगरावर कमांचींच्या शेकोट्या दिसत. घाबरलेल्या लेकरांना एका आईने समजावले, की ईस्टरचा ससा तिकडे अंडी रंगवायला मोठे पातेले चढवून बसला आहे. जर्मनीतही ईस्टरच्या आगी पेटवीत असत, तेव्हा प्रथेचे मूळ तिकडचे असेल. पण शत्रूच्या आगीला मुलांच्या डोळ्यांसमोर सणाची चूल करणारी ती आई आम्हाला फार शहाणी वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही कांट या जर्मन विचारवंताचा १७९५ मधला एक निबंध वाचला होता. त्यात तो म्हणतो, की परक्या भूमीवर पाऊल टाकणाऱ्या माणसाला केवळ तो परका आहे म्हणून शत्रूसारखे वागविले जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे; ती आपली मेहेरबानी नव्हे. पण कांट तिथेच पुढे बजावतो, की भेट द्यायला आलेल्याने घराचा मालक होऊन बसू नये. फ्रेडरिक्सबर्गच्या इतिहासात या विचाराच्या दोन्ही बाजू दिसतात.

हॉटेल उभे राहते

चार्ल्स निमित्झने सुरुवातीला लाकडाच्या एका कंपनीत हिशेब लिहिण्याचे काम केले. ८ एप्रिल १८४८ रोजी त्याचा विवाह गावातल्याच सोफी म्युलर हिच्याशी झाला. त्यांना बारा मुले झाली. १८५० च्या दशकाच्या आरंभी या दांपत्याने मुख्य रस्त्यावर एक लहानसे हॉटेल सुरू केले.

जागा अचूक होती. १८४८ मध्ये गावाजवळ सैन्याचा तळ पडला. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्याच्या बातमीने लोकांचे लोंढे पश्चिमेकडे निघाले. सॅन अँटोनिओहून एल पासोकडे जाणाऱ्या रस्त्यावर फ्रेडरिक्सबर्गनंतर शेकडो मैल पलंग, गरम पाणी आणि शिजवलेले जेवण मिळण्याची खात्री नव्हती. सैनिक, टपालगाडीचे प्रवासी, व्यापारी, सोने शोधायला निघालेले तरुण आणि रिकाम्या हाताने परतणारे थकलेले लोक, सगळे निमित्झच्या दारात थांबत.

हॉटेल वाढत गेले. भिंती जाड होत्या, उन्हाळ्यात आत गारवा राही. मागे भाजीचा मळा, मांस धुराळून टिकविण्याची खोली, बिअर तयार करण्याची जागा आणि स्नानगृह होते. आठ-दहा दिवस धूळ खात आलेल्या माणसाला अंघोळीचे गरम पाणी मिळणे ही त्या मुलखात चैनीची गोष्ट होती. नाचगाण्यासाठी, नाटकांसाठी दालनही होते. लग्न, सभा, निरोपसमारंभ, गावाचे सगळे काही तिथे होई. एवढे सगळे चालविणे एकट्या चार्ल्सच्या हातून होणारे नव्हते. बारा बाळंतपणे आणि पाहुण्यांनी भरलेले घर, हे दोन्ही सोफीने पेलले. इतिहासात तिच्याविषयी फार ओळी नाहीत. आपल्याकडेही पाहुणचाराचे कौतुक घरधन्याचे होते आणि चुलीपुढचा घाम मात्र घरातल्या बाईचा असतो.

पुढे चार्ल्सने इमारतीचा दर्शनी भाग आगबोटीसारखा बांधला. पुढे नाळ, वर डेक. समुद्र तिथून दोनशे मैलांहून दूर. कोरड्या डोंगराळ मुलखात रस्त्याच्या कडेला उभी असलेली ही आगबोट दुरून दिसायची आणि थकलेल्या वाटसरूला हसू यायचे. चार्ल्स गप्पिष्ट होता, थट्टेखोर होता. समुद्रावरच्या खऱ्या-खोट्या गोष्टी रंगवून सांगण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेचे पुढचे सरसेनापती रॉबर्ट ली यांनीही इथे मुक्काम केल्याचे सांगतात.

त्या गावातली आणखी एक चांगली प्रथा सांगण्यासारखी आहे. दूरवर शेतावर राहणारी कुटुंबे गावात एक छोटेसे घर बांधून ठेवीत. शनिवारी बाजाराला यायचे, रात्री तिथे राहायचे, रविवारी उपासनेला जायचे आणि मग शेतावर परतायचे. या घरांना रविवारची घरे म्हणत. त्यांतली काही आजही उभी आहेत. दूरच्या वस्तीवरून पायी मिस्साला येणारी आपली माणसे पाहिली, की आम्हाला त्या घरांची आठवण होते.

परीक्षेची वेळ

एखाद्याचे चरित्र सांगताना फक्त गोड भाग सांगणे हे खोटे बोलण्यासारखेच आहे. चार्ल्स निमित्झच्या आयुष्यातही एक काळा काळ आला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये देशातून फुटून निघाली. टेक्सस त्यांच्यात सामील झाले. फ्रेडरिक्सबर्गच्या जर्मन लोकांपैकी जवळजवळ सर्वांनी फुटण्याच्या विरोधात मत दिले होते. बहुतेकांकडे गुलाम नव्हते, अनेकांना ती प्रथाच मान्य नव्हती. पण राज्याचा निर्णय झाला होता. चार्ल्सने गावात स्थानिक रक्षकदल उभारले आणि तो त्याचा कप्तान झाला. पुढे सक्तीची सैन्यभरती आली, तेव्हा त्या भागात भरतीचा अधिकारी म्हणून त्याचीच नेमणूक झाली.

म्हणजे ज्या माणसाच्या दारात सगळ्यांचे स्वागत होई, तोच आता शेजाऱ्यांच्या मुलांची नावे यादीत लिहू लागला. ती मुले कोणासाठी लढणार होती? जो पक्ष त्यांना चुकीचा वाटत होता, त्याच्यासाठी. १८६२ मध्ये त्या भागात लष्करी कायदा लागू झाला. ऑगस्टमध्ये साठ-पासष्ट जर्मन तरुण मेक्सिकोकडे निघून चालले होते. १० ऑगस्टला न्यूएसेस नदीच्या काठी दक्षिणेच्या सैन्याने त्यांना पहाटे गाठले. एकोणीस जण लढताना मेले, नऊ जखमींना नंतर गोळ्या घालण्यात आल्या. फ्रेडरिक्सबर्गच्या परिसरात टोळ्यांनी लोकांना घरातून ओढून नेऊन झाडांना लटकवले. युद्ध संपल्यावर त्या मृतांच्या अस्थी गोळा करून जवळच्या कम्फर्ट या गावी पुरण्यात आल्या आणि १८६६ मध्ये तिथे स्मारक उभारले गेले.

ती हत्या चार्ल्सने केली नाही. पण तो त्या बाजूच्या सरकारचा अधिकारी होता, आणि गावात पुष्कळ लोकांचा त्याच्यावर राग होता. त्याने ते काम का पत्करले असेल? गाव वाचविण्यासाठी आपणच मधे उभे राहावे, असे वाटले असेल? की सत्तेला नाही म्हणण्याचे धैर्य झाले नसेल? आम्ही त्याच्या अंतःकरणाचे न्यायाधीश नाही. एवढे मात्र खरे, की दार उघडे ठेवणे शांततेच्या काळात सोपे असते. सत्ता दारात येऊन शेजाऱ्याचे नाव विचारते, तेव्हा आपण काय उत्तर देतो, तिथे खरी परीक्षा असते.

युद्ध १८६५ मध्ये संपले. तरी चार्ल्स गाव सोडून गेला नाही आणि गावानेही त्याला हाकलले नाही. ज्यांची मुले त्याने यादीत लिहिली, तेच लोक पुढे त्याच्या दालनात लग्नाला जमले. १८९० च्या सुमारास त्यांच्याच भागातून तो टेक्ससच्या विधानसभेवर निवडून गेला. क्षमा कशी झाली, याची नोंद कुठे नाही. एकाच रस्त्यावर राहणारी माणसे वर्षानुवर्षे रोज सकाळी एकमेकांना दिसत राहतात; क्षमेची सुरुवात बहुधा अशीच होत असावी.

आजोबा

१८८४ मध्ये चार्ल्सचा एक मुलगा लग्नानंतर काही महिन्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲना गरोदर होती. ती सासऱ्यांच्या हॉटेलात आली. २४ फेब्रुवारी १८८५ रोजी तिला मुलगा झाला, चेस्टर. जन्माआधीच बाप गेलेल्या या लेकराला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी चार्ल्सने बापाची माया दिली. दोन्ही आयुष्यांत वाटसरूंची ये-जा होती. पण हा वाटसरू मुक्कामाला आला होता. आजोबांच्या मांडीवर बसून त्याने समुद्राच्या गोष्टी ऐकल्या. पुढे आईने धाकट्या दिराशी लग्न केले आणि ती कर्व्हिलला गेली. तिथेही कुटुंब हॉटेलच चालवीत होते. चेस्टर शाळेनंतर तिथे काम करी आणि संधी मिळेल तेव्हा आजोबांकडे येई.

चेस्टर पुढे सांगत असे, की आजोबांनी त्याला शिकविले ते असे : समुद्र हा आयुष्यासारखाच कडक मास्तर आहे, जे शिकता येईल ते शिकावे, आपले काम मनापासून करावे आणि जे आपल्या हातात नाही त्याची काळजी करू नये.

१९०१ मध्ये चेस्टर आरमाराच्या विद्यालयात दाखल झाला. १९०५ मध्ये तो पदवीधर झाला, तेव्हा आजोबा हयात होते. २८ एप्रिल १९११ रोजी चार्ल्स निमित्झ वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी फ्रेडरिक्सबर्गमध्ये वारले. एकोणीस वर्षांचा असताना जिथे गाडीतून उतरले, त्याच मातीत ते विसावले.

शत्रूची भेट

नातवाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर त्याला पॅसिफिकमधील आरमाराचे प्रमुखपद मिळाले. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीच्या कागदावर अमेरिकेतर्फे त्याने सही केली. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी काश्मीरमधील सार्वमताचा प्रशासक म्हणून त्याचे नाव ठरविले होते. ते सार्वमत झालेच नाही. जपानचे एक जुने ऐतिहासिक लढाऊ जहाज मोडकळीला आले होते. युद्धानंतर ते वाचविण्यासाठी याच सेनापतीने हातभार लावला. १९६६ मध्ये तो वारला.

आजोबांच्या त्या हॉटेलाच्या जागी आज पॅसिफिक युद्धाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. आगबोटीसारखा दर्शनी भाग पुन्हा बांधून काढला आहे. आणि इमारतीच्या मागच्या बाजूला एक बाग आहे. १९७६ मध्ये जपानच्या लोकांनी ती भेट दिली. तिचे नाव शांतीची बाग. ज्या सेनापतीने त्यांचा पराभव केला, त्याच्या आजोबांच्या परसात त्यांनी दगड रचले, पाणी खेळविले, झाडे लावली.

फ्रेडरिक्सबर्गच्या मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या गल्ल्यांची नावे पूर्वेकडे क्रमाने वाचत गेले, की पहिल्या अक्षरांपासून ऑल वेलकम असे इंग्रजी शब्द तयार होतात. म्हणजे सर्वांचे स्वागत. ग्रीक भाषेतल्या त्या उतारशाळेचाच हा अर्थ. पश्चिमेकडच्या गल्ल्यांतून कम बॅक, म्हणजे पुन्हा या, असे निघते.

आपल्या दाराशी

शेवटी एक गोष्ट आमच्याविषयी. एकदा पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या बंगल्याचे दार वाजले. बाहेर परप्रांतातले एक कुटुंब उभे होते. कामाच्या शोधात निघालेले, भाषा धड कळत नव्हती, बाईच्या कडेवर मूल, शेवटची एसटी चुकलेली. आम्ही मनात हिशेब केला : अनोळखी माणसे, घरात एकटे, उद्या काही गेले तर? आम्ही त्यांना फाट्यावरच्या शेडकडे बोट दाखविले, बरोबर पावाचा पुडा दिला आणि दार लावून घेतले. रात्रभर पाऊस थांबला नाही आणि आम्हाला झोप आली नाही. पहाटे शेडपाशी गेलो, तर तिथे कोणी नव्हते. दर नाताळला बेथलेहेमच्या उतारशाळेवर प्रवचन करणारे आम्ही, त्या रात्री तेच केले.

चार्ल्स निमित्झ संत नव्हता. तो एक धंदेवाईक माणूस होता, खोलीचे भाडे घेत असे, आणि कठीण वेळी तोही डगमगला. पण त्याने दारात दिवा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडले. गावे मोठ्या भाषणांनी उभी राहत नाहीत. कोणीतरी पाणी तापवून ठेवते, म्हणून ती उभी राहतात.

आपल्या सभागृहामागची खोली सध्या मोडक्या बाकांनी आणि नाताळच्या सामानाने भरली आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ज्यांना वेळ आहे, त्यांनी थांबावे. आपण ती रिकामी करू, झाडू, दोन सतरंज्या, एक माठ आणि एक बल्ब यांची सोय करू. किल्ली बंगल्यात राहील. कोणाला परक्या माणसाची भीती वाटत असेल, तर ती आम्हालाही वाटते. म्हणूनच हे काम आपण एकट्याने नको, मिळून करू.

प्रभू आपल्या घरांची दारे आणि अंतःकरणे उघडी ठेवो.

आपला,
धर्मगुरू